झाकणातली हळद

चहा वेळेवर मिळावा आणि गवळणीची आबाळ होऊ नये, एवढ्या दोन गोष्टी सांभाळल्या की मधुसूदनरावांसारखा गरीब सासरा साऱ्या नागपुरात शोधून सापडला नसता. चारुशीलानं चहा नीट सांभाळला. गवळणीला मात्र तिनं जरा जास्तच सांभाळलं, आणि त्या सांभाळण्यापायी पुढं वर्षभर तिच्या घशाखाली घास धड उतरला नाही.

गवळण म्हणजे घड्याळ. मनगटावर बांधायचं नव्हे, मुठीत जेमतेम मावेल असं, गोल, जाडजूड, फार जुनं जर्मन घड्याळ. त्याच्या पाठीवर मिनेकामात एक चित्र होतं: निळी ओढणी घेतलेली गोरीपान बाई, शेजारी कोकरू, मागं तळं. ती बाई कोण, कुठली, कुणी रंगवली, कुणाला पत्ता नाही. पण घरातल्या बाईला नाव नको का? चारुशीलाच्या सासूबाईंनी, यमुताईंनी, लग्न होऊन आल्या आल्याच तिचं नाव गवळण ठेवून टाकलं होतं. भोसल्यांच्या राज्यात कुणा फिरंगी तोफखानेवाल्यानं मधुसूदनरावांच्या पणजोबांना ते घड्याळ बक्षीस दिलं, अशी घरातली कथा होती. खरंखोटं ती गवळणच जाणे.

आता हे घड्याळ केलं कुणी, हा मधुसूदनरावांच्या आयुष्यातला मोठा प्रश्न. सरकारी कचेरीत खर्डेघाशी करताना त्यांनी असा एकही प्रश्न स्वतःला कधी विचारला नसेल, पण हा त्यांना सोडत नसे. यंत्राच्या पितळी चकतीवर लंडनच्या कुणाचं नाव कोरलेलं होतं. मात्र पाठीचं झाकण उघडलं की आतल्या फिकट निळ्या मिन्यावर, सोन्याच्या अगदी बारीक रेघांत, जुन्या जर्मन वळणाची एक सही होती. ती इतकी बारीक की मधुसूदनरावांना चष्मा लावूनही दिसत नसे, रुपरावांचं भिंग लागे.

रुपराव हे सदर बाजारातले घड्याळजी आणि मधुसूदनरावांचे जुने दोस्त. दुकान एवढंसं, एक टेबल आणि दोन स्टुलं. रविवारी सकाळी मधुसूदनराव गवळणीला रुमालात गुंडाळून तिकडं जात, आणि मग दोघांची जी जुंपे ती जेवणाची वेळ टळेपर्यंत. मधुसूदनराव म्हणत, हे सगळं जर्मनीतल्या आउग्सबुर्गच्या एकाच उस्तादाचं काम, आणि लंडनचं नाव नुसतं माल खपावा म्हणून घातलेलं. त्यांनी लायब्ररीत तसं वाचलं होतं. रुपराव म्हणत, शक्यच नाही, यंत्र एकाचं आणि मिना दुसऱ्याचा. सहीतलं पहिलं अक्षर कोणतं यावरून तर दोनदा अबोला झाला होता. एका स्टुडिओत नेऊन फोटोही काढवला, पण फोटोत नुसती चकाकी आली. दोघांनाही आतून त्याचा आनंदच झाला असावा, कारण भांडण शिल्लक राहिलं.

यमुताई गेल्या, त्या वर्षी घरात दिवाळी झाली नाही. पुढच्या वर्षी, म्हणजे अठ्ठ्याहत्तर साली, लक्ष्मीपूजनाची सगळी तयारी पहिल्यांदाच एकट्या चारुशीलावर आली. या घरची रीत अशी की लक्ष्मीच्या पाटावर चांदीच्या रुपयांशेजारी गवळणही बसायची, आणि तिलाही हळदकुंकू व्हायचं. चारुशीला कन्हानची. तिच्या माहेरी दिवाळीच्या आदल्या दिवशी चिंच आणि राखुंडी घेऊन बायका अंगणात बसत, आणि भांड्यात तोंड दिसल्याशिवाय कुणी उठत नसे. तिच्या हाताच्या लखलखीची गावात तारीफ होती. तिनं देव उजळले, समया उजळल्या, रुपये उजळले, आणि मग गवळण हातात घेतली. कडेची चांदी काळवंडली होती. सासूबाई तिला नुसत्या जुन्या धोतराच्या मऊ तुकड्यानं पुसत, पण ते कुणी चारुशीलाला सांगितलं नव्हतं, आणि तिला वाटलं, शेवटी शेवटी सासूबाईंच्यानं होत नसेल.

चित्राला तिनं ओल्या फडक्याशिवाय काही लावलं नाही. बाईच्या तोंडाला कुणी राखुंडी फासतं का? कड मात्र चिंचेनं घासून पांढरीशुभ्र केली. मग तिनं झाकण उघडलं. आत चित्र नव्हतं, नुसता निळा मिना, आणि त्यावर कसले तरी पिवळे बारीक ओरखडे चिकटल्यासारखे. चारुशीलाला वाटलं, हळद. इतक्या वर्षांच्या पूजेची हळद फटीतून आत जाऊन वाळून बसली. काहीशी ठसक्यातच ती मनाशी म्हणाली, पाहा, वरून सगळं छान आणि आत कुणी बघितलंच नाही. तिनं बोटावर राखुंडी घेतली आणि झाकण आतून निर्मळ केलं.

संध्याकाळी पाटावरची गवळण बघून मधुसूदनराव फार खूश झाले. यमू असती तर तिनं तुझी दृष्ट काढली असती, असं म्हणाले. चारुशीलाचा नवरा गिरिधर हिंगण्याच्या कारखान्यात होता, सेकंड शिफ्ट करून कंपनीच्या बसनं आला तेव्हा तिनं त्यालाही ही तारीफ दोन दोनदा ऐकवली.

भाऊबीज झाली आणि मधुसूदनरावांची धांदल उडाली. अजब बंगल्यात, म्हणजे आपल्या संग्रहालयात, एक जर्मन बाई येणार होत्या, जुन्या घड्याळांच्या मोठ्या जाणकार. तिथल्या एका अधिकाऱ्याशी ओळख काढून मधुसूदनरावांनी भेट ठरवली. गवळण चालती असावी म्हणून त्यांनी ती रुपरावांकडे तेलपाण्याला दिली, आणि भेटीच्या दिवशी दुकानातून परस्पर घेऊन गेले. रुपराव म्हणाले होते, नाव काय निघते ते पहिले मले येऊन सांगा.

पुढचं चारुशीलानं रात्रीच्या जेवणाच्या ताटावर ऐकलं. बाईंनी गवळणीचं फार कौतुक केलं, खिडकीशी नेऊन बराच वेळ पाहिलं. मग झाकण उघडलं, भिंग लावलं, आणि त्यांचा चेहरा बदलला. इथं सही होती, असं त्या म्हणाल्या. ती कुणीतरी घासून काढली आहे, आणि तेही अगदी आत्ता, ओरखडे ताजे आहेत. सहीशिवाय कारागिराचं नाव आता कुणालाच सांगता येणार नाही. तिथून मधुसूदनराव जे उठले ते तडक सदरला. झाकण उघडणारा दुसरा होता कोण? दुकानात गिऱ्हाइकं होती, शेजारचा स्वेटरवाला ओमप्रकाश होता, त्या सगळ्यांदेखत या गरीब माणसानं जन्मात वापरला नाही तो आवाज वापरला. या माणसाच्या हातात घड्याळ देऊ नका, असं रस्त्यावर उभं राहून सांगितलं. आणि रुपराव काय म्हणाले? म्हणे, म्या पेट्रोलचं फडकं फिरवलं होतं झाकणाले, मधूभाऊ, पण सही पाह्यली नाही म्या. पाहायला हवी होती.

"म्हणजे कबूलच केलं की त्यानं," असं म्हणून मधुसूदनराव ताटावर रडले. आपला सासरा रडताना चारुशीलानं यमुताईंच्या वेळीही पाहिला नव्हता.

चारुशीलाला ते पिवळे बारीक ओरखडे लख्ख आठवले, आणि आपल्या बोटाला लागलेला तो पिवळसर गाळही. तिनं त्याच क्षणी सांगायला हवं होतं, हे तिलाही कळत होतं. पण समोर म्हातारा रडतोय, आमटी निवतेय, आणि तोंडाला कुलूप लागलंय. उद्या सांगू, शांत झाले की सांगू, असं म्हणत तिनं ताट उचललं. उद्याचं परवा झालं. गिरिधरला तिनं सांगितलं, तर तो म्हणाला, आता उकरून काय मिळणार? बाबांना ते झेपणार नाही. आणि रुपरावांचंही वय झालंच आहे. नवऱ्यानं असं म्हटल्यावर बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. उलट आता पाप दोघांचं झालं, आणि ते वाटून घेतल्यानं काही कमी होत नाही, एवढाच शोध तिला लागला.

मधुसूदनरावांनी गवळण कपाटात टाकली, किल्ली देणं बंद केलं. रविवारी सकाळी ते कपडे करून तयार होत आणि मग आठवण होऊन पेपर घेऊन बसत. त्यांना चहा नेऊन देताना चारुशीलाचे डोळे जमिनीवरून उठत नसत. सून फार विनयशील आहे असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, आणि ते ऐकून तिला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटे.

पावसाळ्यात ती छत्री घ्यायला म्हणून सदरला गेली. खरं म्हणजे छत्री घराजवळ धरमपेठेतही मिळते, पण पाय तिकडं ओढत होते. रुपरावांच्या दुकानाच्या जागी ओमप्रकाशनं मधली भिंत पाडून आपल्या स्वेटरांची दोन कपाटं लावली होती. रुपराव ने तो दुकान ही छोड़ दिया, त्यानं सहज सांगितलं, गड्डीगोदामला घरीच असतात आता. चारुशीला छत्री न घेताच परत आली. भिजली, आणि आपल्याला हेच हवं असं तिला वाटलं.

दसरा आला. दरवर्षी दसऱ्याला संध्याकाळी रुपराव सोनं द्यायला घरी येत, मधुसूदनरावांच्या हातावर आपट्याची पानं ठेवत आणि चिवडा खाता खाता भांडण सुरू करत. यंदा मधुसूदनराव रात्रीपर्यंत ओसरीत बसले. कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी गिरिधर कामावर गेला, सासरे आडवे झाले, आणि चारुशीला आपट्याची पानं पदरात बांधून एकटीच गड्डीगोदामला निघाली. दिवाळी पुन्हा तोंडावर आली होती. ते चांदीचे रुपये पुन्हा हातात धरायची तिची छाती नव्हती.

दार रुपरावांच्या बायकोनं, गोपिकाबाईनं उघडलं. "ये वं बाई, किती दिवसांनी," म्हणून तिनं हात धरून आत नेलं. रुपराव खाटेवर बसून शेंगा सोलत होते. चारुशीलानं पानं दिली, वाकून नमस्कार केला. देवळीसमोर आदल्या दिवशीचा पूजेचा पाट तसाच होता. घड्याळजीच्या घरी दसऱ्याला त्यावर चिमटे, भिंगं, पेचकस मांडून हळदकुंकू वाहतात. इथं नुसती विळी ठेवलेली होती. हत्यारं कामठीच्या एका घड्याळजीला देऊन टाकली, असं गोपिकाबाईच म्हणाली आणि आत चहा ठेवायला गेली.

चारुशीलानं विचारलं, गिऱ्हाइकं तुटली म्हणून का. तसं नाही, रुपरावांनी सांगितलं. आठ दिवस लोक बोलले, मग पुन्हा येऊ लागले, लोकांना कुठं एवढं लक्षात राहतं. पण कुणाचं घड्याळ उघडलं आणि चिमटा हातात धरला की वाटायचं, आता हेही आपल्या हातून जाणार आणि आपल्याला कळणारही नाही. डोळ्यांचं तर आहेच, मोतीबिंदू म्हणतात डॉक्टर. पण डोळ्यांचं ते चालवून घेत होते. हातावरचा भरवसाच गेला, त्याला काय करायचं? हे सगळं ते शेंगा सोलता सोलता सांगत होते, तक्रार म्हणून नाही, हवापाण्याबद्दल बोलावं तसं. चारुशीलाला वाटलं होतं की आपण या माणसाचं नाव घालवलं. त्याहून वाईट काही असेल हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

ती खाली जमिनीवर बसली आणि एकदमच बोलून गेली. "काका, ती सही तुम्ही नाही पुसली. मी पुसली. दिवाळीला राखुंडीनं घासताना मला ती हळद वाटली."

रुपरावांचा हात थांबला. त्यांनी तिच्याकडे डोळे बारीक करून पाहिलं, आणि त्यांचा सगळा चेहरा मऊ झाला.

"सोनं अन् हळद?" ते म्हणाले. "लहान लेकरू बी ओळखते, बेटा. मले बरं वाटावं म्हणून तू हे बोलून राहिली. मले समजत नाही काय?"

तिनं पुन्हा सांगितलं, देवाची शप्पथ घेतली, नवऱ्याची घ्यायला निघाली तेव्हा त्यांनी तिला दटावलं. आत हाक मारून बायकोला म्हणाले, पाह्य, ही यमुताईची सून, आपल्यासाठी स्वतःवर बालंट घेऊन राहिली. गोपिकाबाईनं डोळ्यांना पदर लावला आणि चारुशीलाची अलाबला घेतली. दोघांनी तिला तोंडभरून आशीर्वाद दिले. तिनं ते मान खाली घालून घेतले, करणार काय? वर्षभर जे बोलायला जीभ उचलली नाही ते आज बोलली, तर ते कुणी घेईना.

घरी मधुसूदनराव उठून बसले होते. तिनं चप्पल काढली, चहाही टाकला नाही, आणि त्यांच्यासमोर उभी राहिली.

"मामाजी, रुपरावकाकांनी काही केलेलं नाही," ती म्हणाली. आणि चिंचेपासून, राखुंडीपासून, त्या पिवळ्या ओरखड्यांपासून सगळं सांगितलं. गिरिधरचं नाव तेवढं घेतलं नाही.

मधुसूदनरावांनी विचारलं, "म्हणजे ती सही शेवटची पाहिलीस ती तूच." आणि थोडं पुढं वाकून, "पहिलं अक्षर कसं होतं गं? गोल होतं, की टोकं होती?"

"मी वाचलंच नाही, मामाजी. मला ती अक्षरं वाटलीच नाहीत."

त्यांनी मान हलवली, आणखी काही विचारायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. आपण काय विचारतोय हे त्यांचं त्यांनाच ऐकू आलं असावं. त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. ते तिच्यावर ओरडले असते तर तिला चाललं असतं, ती त्याच तयारीनं उभी होती. पण ते उठले, खुंटीवरची टोपी डोक्यावर घातली आणि म्हणाले, मी त्याला रस्त्यावर उभा राहून बोललो, चारू. चल माझ्याबरोबर. मला एकट्यानं जायची हिंमत नाही.

दोघं रिक्षातून पुन्हा गड्डीगोदामला आले. रुपराव दारातच उभे होते. मधुसूदनरावांना पाहून त्यांनी हात जोडले, आत बसवलं, आणि मागं चारुशीला दिसताच हसायला लागले.

"तुमालेबी हिनं तेच सांगतलं काय, मधूभाऊ? मोठी मायाळू पोरगी हाय."

"रुपराव," मधुसूदनराव म्हणाले, "ती खरं सांगते आहे. मी तुझ्या दुकानात चार लोकांत जे बोललो ते खोटं होतं. गवळण तुझ्या हाती आली तेव्हाच सही पुसलेली होती. तुझ्या हातून काही झालेलं नाही."

रुपरावांचं हसू लगेच गेलं नाही, थोडा वेळ तसंच चेहऱ्यावर राहिलं. मधुसूदनराव त्यांच्याशी कधी खोटं बोलले नव्हते, भांडताना सुद्धा नाही. रुपराव खाटेवर बसले. मधुसूदनरावांनी त्यांचा हात धरला, तो त्यांनी धरू दिला. गोपिकाबाई आतल्या दारात उभी राहिली होती.

"मंग म्या दुकान काहून बंद केलं?" रुपरावांनी विचारलं.

मधुसूदनराव खाली पाहायला लागले. रुपरावांच्या आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच समजत नव्हतं, आणि उत्तरासाठी ते चारुशीलाकडे पाहत राहिले.